गांजाशेजारचा कट्टा

प्रश्न : मी लाईन बाजारला राहतो. सकाळचं फिरणं न्यायसंकुलावरनंच असतं, त्यामुळं कोर्टाच्या बातम्या जरा जास्तच वाचतो. ‘गांजासह गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे हस्तगत’ अशी बातमी अधनंमधनं असतेच. माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, आमच्याकडे ड्रग्जबरोबर बंदूक सापडली की पाच वर्षं वरनं चढतात आणि जज्जलाही ती कमी करता येत नाहीत.” आपल्याकडं असं काही आहे का? की मोठी शिक्षा तेवढी धरायची आणि धाकटी तिच्यात जिरवायची, असं चालतं? जाता जाता घरचीच एक शंका. भुदरगडात माझ्या थोरल्या भावाकडं रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे. उद्या त्याच्या उसात कुणी गांजाची चार झाडं लावून ठेवली, तर बंदुकीचंही प्रकरण होईल का?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : भाच्याचं म्हणणं खरं आहे. धाकटी शिक्षा मोठीत जिरते हा तुमचा अंदाजही बऱ्याच वेळा खरा ठरतो. पण दोन्हींना पोटकलमं आहेत, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

आधी आपल्या गावचा हिशेब. पोलिसांनी सापळा लावला, मोटरसायकल अडवली, पिशवीत गांजा मिळाला आणि कमरेला कट्टा मिळाला, तर त्या एका पंचनाम्यातून दोन वेगळ्या कायद्यांचे गुन्हे उभे राहतात. गांजासाठी १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, ज्याला वकिलापासून शिपायापर्यंत सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात. कट्ट्यासाठी १९५९ चा शस्त्र कायदा, म्हणजे ‘आर्म्स ॲक्ट’. दोन्ही संसदेनं केलेले. भाचा ज्याला ‘फेडरल’ म्हणतो ते साधारण हेच, पण आपल्याकडे केंद्राचा कायदा राबवतात राज्याचे पोलीस आणि खटला चालतो तुमच्या फिरण्याच्या वाटेवरच्या इमारतीत. अमेरिकेत राज्याची कोर्टं निराळी आणि केंद्राची निराळी. एकाच बंदुकीसाठी दोन्हीकडे शिक्षा होऊ शकते. अलाबामातल्या टेरन्स गँबल याला तशी झाली, आणि २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी त्यात काही गैर नाही असं ठरवलं. आपल्याकडे राज्यघटनेचा अनुच्छेद २० (२) एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला आणि शिक्षा होऊ देत नाही.

एनडीपीएसमध्ये शिक्षा मुख्यतः वजनावर ठरते. गांजा एक किलोपेक्षा कमी असला तर ती ‘अल्प मात्रा’, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर ‘व्यापारी मात्रा’, तिथं किमान दहा वर्षं आणि कमाल वीस, शिवाय एक ते दोन लाख रुपये दंड. मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत, पण किमान काही नाही. सहा महिने द्यायचे की नऊ वर्षं, हे न्यायाधीशांवर. एमडीचं माप यापेक्षा फार कडक आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ते २०१५ मध्ये या कायद्याखाली आलं. त्याची अल्प मात्रा दोन ग्रॅम आणि व्यापारी मात्रा पन्नास ग्रॅम. म्हणजे चहाच्या पुड्याएवढ्या वजनाला दहा वर्षं. आपल्या जिल्ह्यात हा विषय कागदावरचा राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत एका फार्महाऊसवर छापा घातला तेव्हा तिथं एमडीचा कारखानाच सापडला होता. मुंबईचे पोलीस चंदगडपर्यंत माग काढत येतात आणि गावाला पत्ता नसतो, याचं आश्चर्य तेव्हा सगळ्यांनीच केलं.

शस्त्र कायद्यात वजनाचा प्रश्न नाही. विनापरवाना बंदूक, पिस्तूल किंवा कट्टा नुसता बाळगला तरी कलम २५ (१ब)(अ). या गुन्ह्याला पूर्वी किमान एक आणि कमाल तीन वर्षं होती. २०१९ च्या दुरुस्तीनं, म्हणजे १४ डिसेंबर २०१९ पासून, ती किमान दोन आणि कमाल पाच वर्षं झाली. खास कारणं निकालपत्रात लिहून न्यायालय दोन वर्षांच्या खालीही येऊ शकतं. तेवढी फट कायद्यानं ठेवली आहे. कट्टा बनवणारा आणि विकणारा मात्र याच्या कितीतरी वर आहे. त्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी नावाचं गाव आहे. तिथल्या घरगुती भट्ट्यांवर बनलेली पिस्तुलं महाराष्ट्रभर पोचतात, हे पोलिसांच्या छाप्यांतून वेळोवेळी पुढे आलं आहे. पण उमर्टीहून निघालेला माल कोल्हापुरात ज्याच्या कमरेला मिळतो तो बनवणाराही नसतो आणि विकणाराही नसतो. त्याच्या वाट्याला दोन ते पाच वर्षांचंच कलम येतं.

शस्त्र ‘प्रतिबंधित’ जातीचं असलं, म्हणजे घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात असं स्वयंचलित, तर आज बाळगण्यालाच सात ते चौदा वर्षं आहेत. या कलमाची महाराष्ट्राला ओळख झाली ती संजय दत्तमुळं. घरात एके-५६ ठेवल्याबद्दल टाडा न्यायालयानं २००७ मध्ये त्याला सहा वर्षं दिली, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१३ मध्ये ती पाचावर आणली. पाचच का, चार का नाहीत, असं तेव्हा चौकाचौकात विचारलं गेलं. कारण तेव्हाची किमान शिक्षाच पाच होती. त्याच्यावरचा कटाचा आरोप टिकला नव्हता. बंदुकीनं काय केलं हा प्रश्नच त्या शिक्षेत नव्हता. घरात होती, तेवढं पुरलं.

आता तुमची बेरीज. एकाच खटल्यात दोन गुन्हे शाबीत झाले तर दोन शिक्षा द्याव्याच लागतात. त्या एकामागून एक भोगायच्या की एकाच वेळी, हे न्यायालय ठरवतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३१ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम २५ आहे, आणि गुन्ह्यांचं गांभीर्य पाहून हे ठरवावं असं आता त्यात स्पष्ट लिहिलं आहे. गुन्हे एकाच घटनेतून निघाले असतील तर शिक्षा एकत्र चालाव्यात, हा ढोबळ नियम सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये एका सोनेतस्करीच्या खटल्यात सांगितला. त्या खटल्यातल्या घटना वेगवेगळ्या होत्या म्हणून तिथं मात्र शिक्षा एकामागून एकच ठेवल्या, हा भाग लोक सांगायचा विसरतात. एकाच वेळी, एकाच माणसाजवळ, एकाच पिशवीच्या आसपास गांजा आणि कट्टा मिळाला तर ‘सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत’ ही ओळ निकालाच्या शेवटी येण्याची शक्यता मोठी.

मग होतं काय? पंचवीस किलो गांजाला दहा वर्षं आणि कट्ट्याला तीन वर्षं दिली, दोन्ही एकत्र, तर माणूस दहाच वर्षं आत राहतो. कट्ट्याची तीन त्या दहात विरघळली. तुम्ही म्हणता तसं, जिरली.

पण माल थोडा असला की चित्र उलटं होतं. खिशात दोनशे ग्रॅम गांजा आणि कमरेला कट्टा. गांजाला कमाल एक वर्ष, कट्ट्याला किमान दोन. आता मोठी शिक्षा कट्ट्याची आणि जिरतो तो गांजा. अनेकांच्या डोक्यात ‘ड्रग्जचा गुन्हा मोठा, शस्त्राचा बारका’ असं पक्कं बसलेलं असतं. किरकोळ पुड्या विकणाऱ्या पोरांच्या बाबतीत ते साफ चूक आहे. रुबाब म्हणून कमरेला लावलेली वस्तू त्यांना गांजापेक्षा महाग पडते.

इथपर्यंत आपला कायदा दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो, त्यांचा एकमेकींशी संबंध जोडत नाही. संबंध जोडणारं कलम आहे, पण ते एनडीपीएसमध्ये आत दडलेलं आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ते कलम ३२-ब. २००१ च्या दुरुस्तीनं आलेलं. ज्या गुन्ह्याला किमान शिक्षा ठरलेली आहे, त्यात किमानाच्या वर जायचं असेल तर न्यायालयानं कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात, याची यादी त्यात आहे. यादीतली पहिलीच गोष्ट : गुन्हेगारानं हिंसेचा किंवा शस्त्राचा वापर केला का, किंवा तशी धमकी दिली का.

वापर किंवा वापराची धमकी. नुसतं जवळ असणं या यादीत नाही. गाडी अडवल्यावर पोलिसावर कट्टा रोखला, कमरेवर हात नेऊन ‘बघून घेईन’ म्हटलं, उधारीच्या वसुलीला शस्त्र दाखवलं, तर दहाचे बारा, पंधरा, वीस करायला न्यायाधीशांना आधार मिळतो. कट्टा पिशवीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला निघाला, तर या खंडाखाली सांगण्यासारखं काही उरत नाही. आणि कलमात ‘शस्त्र’ आहे, ‘बंदूक’ नाही. कोल्हापुरात हे महत्त्वाचं. ऊसतोडीचा कोयता शेतीचं हत्यार म्हणून घरात असणं हा गुन्हा नव्हे, नाहीतर निम्मा जिल्हा कळंब्याच्या तुरुंगात जाईल. पण एमडीच्या व्यवहारात तोच कोयता उगारला, तर ३२-ब पुरता तो आणि पिस्तूल एका रांगेत बसतात.

यादी पुढेही आहे : सरकारी पदाचा फायदा घेतला का, अल्पवयीन मुलांना यात ओढलं का, टोळीचा हात आहे का. आणि शाळा-कॉलेजात, त्यांच्या लगत किंवा विद्यार्थी जमतात अशा जागी गुन्हा झाला का. बावड्यासारख्या ठिकाणी, जिथं शाळा आहेत, कॉलेजं आहेत, गल्लोगल्ली भाड्यानं राहणारी पोरं आहेत, हा खंड मला शस्त्राच्या खंडापेक्षा जास्त कामाचा वाटतो. कट्टा प्रत्येक विक्रेत्याकडे नसतो. गिऱ्हाईक मात्र बहुतेकांचं वीस-बावीस वर्षांचं असतं.

२०१९ मध्ये रफीक कुरेशी या खटल्यात वाद झाला तो असा, की यादीतलं एकही कारण नसताना किमानापेक्षा जास्त शिक्षा देता येते का. सहाशे ग्रॅमच्या वर हेरॉईन होतं. खालच्या न्यायालयानं अठरा वर्षं दिली होती, उच्च न्यायालयानं सोळा केली. सर्वोच्च न्यायालयानं ती बारावर आणली, पण सांगितलं, की यादी ही न्यायालयाला योग्य वाटतील त्या इतर कारणांच्या जोडीला आहे. मालाचं प्रमाण हेही कारण होऊ शकतं. याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. न वापरलेला कट्टा यादीत बसत नसला तरी ‘इतर कारणांत’ घ्यायला न्यायाधीशांचे हात बांधलेले नाहीत. सक्ती मात्र नाही. अमेरिकेशी फरक पडतो तो इथं.

भाचा ज्या पाच वर्षांबद्दल बोलतो ते अमेरिकेच्या फौजदारी कायद्यांच्या अठराव्या शीर्षकातलं कलम ९२४ (सी). ते १९६८ चं, आणि १९८६ मध्ये त्यात अमली पदार्थांचा व्यापार घातला गेला. व्यापार करताना बंदूक वापरली, बरोबर नेली किंवा व्यापाराला मदत व्हावी म्हणून जवळ ठेवली, तर किमान पाच वर्षं. दाखवून धमकावलं तर सात. गोळी झाडली तर दहा. ही शिक्षा मूळ शिक्षेत जिरू द्यायची नाही, ती तिच्यानंतरच सुरू व्हायची. ‘जिरवायची’ वाट तिथल्या संसदेनं कायद्यातच बुजवली आहे.

‘जवळ ठेवली’ हे त्यात पहिल्यापासून नव्हतं. १९९५ मध्ये बेली नावाच्या माणसाच्या खटल्यात बंदूक गाडीच्या कुलूपबंद डिकीत होती. बरोबरच्या दुसऱ्या खटल्यात ती झोपायच्या खोलीतल्या कपाटात, कुलूपबंद पेटीत होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बंदुकीचं प्रत्यक्षात काहीतरी केल्याशिवाय तिला वापर म्हणता येत नाही. म्हणजे जवळजवळ आपल्या ३२-ब चीच भूमिका. तिथल्या संसदेला ते पटलं नाही. १९९८ मध्ये तिनं कायदा बदलून बाळगणंही आत ओढलं. त्याच वर्षी न्यायालयानंही गाडीच्या पुढच्या कप्प्यातली बंदूक ही ‘बरोबर नेलेली’च ठरवली.

याचा परिणाम किती टोकाला गेला, ते वेल्डन अँजेलोस या तरुणाच्या खटल्यात दिसलं. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत राहणारा हा पोरगा संगीतनिर्मिती करायचा. त्यानं पोलिसांच्या खबऱ्याला तीन वेळा गांजा विकला, दर वेळी सुमारे अर्धा पौंड, साडेतीनशे डॉलरला. बंदूक त्यानं कुणावर रोखली नाही. खबऱ्याच्या सांगण्यानुसार दोनदा ती त्याच्याजवळ होती, आणखी बंदुका घरझडतीत मिळाल्या. पहिल्या बंदुकीची पाच वर्षं, दुसरीची पंचवीस, तिसरीची पंचवीस, कारण तेव्हा ९२४ (सी) चा दुसरा गुन्हा पंचवीस वर्षांचा होता आणि एकाच खटल्यातला दुसरा आरोपही ‘दुसरा गुन्हा’ धरला जायचा. मिळून पंचावन्न. नोव्हेंबर २००४ मध्ये शिक्षा सुनावणारे न्यायाधीश पॉल कॅसेल हे सौम्य म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ नव्हते. पण ही शिक्षा अन्याय्य आणि क्रूर आहे असं त्यांनी निकालातच लिहिलं, अध्यक्षांनी ती कमी करावी अशी शिफारस केली, आणि सुनावली. त्याच दिवशी त्यांनी एका वृद्ध बाईला ओंडक्यानं मारून टाकणाऱ्याला बावीस वर्षं दिली होती. अँजेलोस २०१६ मध्ये सुटला, डिसेंबर २०२० मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. पंचविसांची चळत लावण्याची ही पद्धत २०१८ च्या सुधारणेनं बंद केली. आधीची शिक्षा कायम झालेली असेल तरच आता पुढची पंचवीस लागतात. पहिली पाच मात्र जिथल्या तिथं आहेत.

हाच पोरगा बावड्यात सापडला असता तर? तीन विक्र्यांचा गांजा मिळून पाऊण किलोही भरत नाही. आजच्या कायद्यानं प्रत्येक विक्रीला कमाल एक वर्ष. बंदुकीला दोन ते पाच. न्यायाधीशांनी सगळं एकामागून एक लावलं तरी आकडा पंचावन्नाच्या जवळपासही जात नाही. यावरून आपला कायदा शहाणा असा निष्कर्ष लगेच काढू नका. आपल्याकडे व्यापारी मात्रेच्या गुन्ह्यात जामीनच इतका कठीण आहे की निकालाआधीचा तुरुंग हीच अनेकांची पहिली शिक्षा असते. न्यायाधीशांना आरोपी निर्दोष असल्याचं मानायला वाजवी कारण दिसलं पाहिजे आणि तो बाहेर जाऊन पुन्हा गुन्हा करणार नाही असंही वाटलं पाहिजे, ही कलम ३७ ची अट आहे. जामिनासाठी उच्च न्यायालयात जायचं तर पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या आवारात सुरू झालं, त्यामुळे निदान प्रवास तरी वाचला.

अमेरिकेत आणखी एक तऱ्हा आहे, भाच्यानं ती सांगितली नसेल. ९२४ (सी) लावलंच नाही तरी तिथल्या शिक्षा-आयोगाच्या तक्त्यात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शस्त्र बाळगलं म्हणून दोन पायऱ्या वाढतात. पूर्वी गुन्हा नसलेल्या माणसाची पायरी सव्विसावी असेल तर तक्ता ६३ ते ७८ महिने सांगतो, अठ्ठाविसाव्या पायरीला ७८ ते ९७. शस्त्राचा गुन्ह्याशी संबंध असणं अगदीच अशक्य वाटलं तरच ही वाढ टळते. २००५ पासून हा तक्ता बंधनकारक राहिलेला नाही, सल्ल्यापुरता आहे. आपल्याकडे असा तक्ताच नाही. न्यायमूर्ती मळीमठ समितीनं २००३ मध्ये शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं हवीत असं सुचवलं होतं, त्याचं पुढं काही झालं नाही. मला विचाराल तर वापर आणि बाळगणं यांत फरक करणारं आपलं ३२-ब हे विचारानं जास्त बरोबर आहे. अडचण कलमात नाही, तपासात आहे. आरोपपत्रात कट्टा मुद्देमालाच्या यादीत एका ओळीत येतो : ‘एक गावठी बनावटीचा कट्टा, किंमत अंदाजे इतकी’. तो कुणाला दाखवला, कुणाला धमकावलं, कोणाची वसुली केली, याचा एकही साक्षीदार नसला तर न्यायाधीशांपुढे ३२-ब उघडायला कारणच राहत नाही.

टोळीच्या बाबतीत मात्र आपला कायदा २०१९ पासून अमेरिकेच्या पुढे गेला आहे. शस्त्र कायद्याच्या कलम २५ (६) प्रमाणे संघटित गुन्हेगारी टोळीच्या सदस्यानं, किंवा टोळीच्या वतीनं कुणीही, बेकायदा शस्त्र बाळगलं तर किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. इथं वापराची अट नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारीत अमली पदार्थांची तस्करी नाव घेऊन घातली आहे, तिथं किमान पाच वर्षं. आपल्या विधिमंडळानंही २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचा व्यापार मकोकात आणणारी दुरुस्ती मंजूर केली. तेव्हा कमरेला कट्टा लावलेला पोरगा एकटा आहे की टोळीचा, यावर दोन वर्षं की दहा हे ठरतं. आणि टोळी सिद्ध करायला मागची आरोपपत्रं, फोनचे तपशील, पैशांचा माग असं सगळं लागतं. एका सापळ्यात ते मिळत नाही.

खटल्याचं तंत्रही थोडं सांगायला हवं, कारण बातमी जप्तीवर संपते आणि निकाल तीन-चार वर्षांनी कुठेतरी आतल्या पानावर येतो. शस्त्र कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे विनापरवाना बंदुकीच्या खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची, आधी मंजुरी लागते. ती नसली किंवा डोळे झाकून सही केलेली दिसली की बचावाचे वकील तिथंच बोट ठेवतात. गांजाच्या बाजूला तशी मंजुरी नाही, पण अंगझडतीच्या आधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा तुला हक्क आहे’ हे आरोपीला सांगावं लागतं. ते कलम ५०. ही अट अंगझडतीला आहे, हातातल्या पिशवीला नाही. त्यामुळे एकाच पंचनाम्यातली एक बाजू पडते आणि दुसरी टिकते, असं होऊ शकतं. आरोपी गांजातून सुटला आणि कट्ट्यात अडकला, किंवा उलट, अशी बातमी वाचलीत तर गोंधळून जाऊ नका. दोन्ही खटले वेगवेगळ्या कोर्टांत फिरवायची मात्र गरज नसते. एनडीपीएसचं विशेष न्यायालय त्याच खटल्यात शस्त्राचा आरोपही चालवू शकतं.

भाड्याच्या खोलीत तिघं राहतात आणि कट्टा पलंगाखाली सापडला, तर तो कुणाचा? शस्त्र कायद्याचं कलम ३५ म्हणतं, जागा किंवा गाडी सामाईक ताब्यात असेल तर शस्त्राची माहिती असावी असं ज्याच्याबद्दल मानायला कारण आहे, त्या प्रत्येकाला उलट सिद्ध करता आलं नाही तर जबाबदार धरता येतं. घरमालकानं भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची पद्धत आहे ती उगीच नाही, एवढं बावड्यातल्या मालकांना सांगून ठेवतो.

आता तुमच्या भावाची बंदूक. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना ही शस्त्र कायद्यातच असलेली सोय आहे. परवाना चालू असेल तर ती बाळगण्यात गुन्हा नाही, आणि शेजारच्या सरीत गांजा सापडला म्हणून तो गुन्हा होत नाही. ३२-ब मध्ये तिला ओढायचं तर भावानं ती त्या गांजासाठी कुणावर रोखलेली असली पाहिजे. योगायोग असा, की अमेरिकन तक्त्याच्या टिपेत संबंध ‘अगदीच अशक्य’ असल्याचं जे उदाहरण दिलं आहे तेही कपाटात ठेवलेल्या, गोळ्या न भरलेल्या शिकारीच्या रायफलीचंच आहे. काळजी करायची ती झाडांची. गांजाची लागवड केली तर वजन कितीही भरो, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. स्वतः लावली नाहीत तरी आपल्या जमिनीत गांजाची झाडं आहेत हे कळल्यावर पोलिसांना किंवा संबंधित खात्याला ताबडतोब कळवणं हे एनडीपीएसच्या कलम ४६ नं जमीनमालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. माहीत असून गप्प बसला तर शिक्षेला पात्र. म्हणून दिसल्या दिवशीच लेखी अर्ज द्यायला सांगा, पोच घ्यायला सांगा, आणि ती झाडं स्वतः उपटून बांधावर टाकू नका म्हणावं. जप्ती पोलिसांनाच करू दे.

बंदुकीच्या परवान्याची मुदतही एकदा बघायला सांगा. २०१९ च्या दुरुस्तीनं ती तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख विसरणं आणखी सोपं झालं आहे. मुदत संपून गेलेल्या परवान्यावरची बंदूक कायद्याच्या लेखी विनापरवानाच ठरते, आणि मग किमान दोन वर्षांचं ते कलम २५ (१ब)(अ) भावाच्या दारापर्यंत यायला गांजाचीही गरज पडत नाही.